इलेक्ट्रॉनांच्या थराला दिशा कोण देते?

लाकूड तंतूंच्या दिशेने सहज फाटते, आडवे फाटत नाही. गॅलियम आर्सेनाइडच्या अतिशुद्ध स्फटिकात बंदिस्त केलेल्या इलेक्ट्रॉनांच्या थराला असे तंतू नसतात. तरीही हा थर एका दिशेने विद्युतप्रवाह सहज वाहू देतो आणि तिच्या काटकोनात मात्र त्याला अडवतो, असे १९९९ मध्ये दिसून आले.

दोन अर्धवाहकांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन केवळ एका प्रतलात फिरू शकतात. या प्रतलाला लंब असे प्रबळ चुंबकीय क्षेत्र लावले की त्यांची ऊर्जा ‘लँडाऊ पातळ्या’ नावाच्या पायऱ्यांत विभागली जाते. अशा थराचा हॉल रोध २५,८१२.८ ओहम भागिले पूर्णांक एवढ्याच मूल्यांवर स्थिरावतो, हे क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी १९८० मध्ये दाखवले. दोन वर्षांनी त्सुई, श्टोर्मर आणि गोसार्ड यांना अपूर्णांकी पायरीही आढळली. या साऱ्या अवस्था समदिक्, म्हणजे सर्व दिशांना सारख्याच मानल्या जात.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जेम्स आयझेनस्टाइन यांच्या गटाने वरच्या लँडाऊ पातळ्या अर्ध्या भरलेल्या असताना, म्हणजे भरण-गुणोत्तर ९/२, ११/२ असताना, मोजमाप केले. (आयझेनस्टाइन यांना २०२५ चा वुल्फ पुरस्कार मिळाला; सहविजेत्यांत राजस्थानात जन्मलेले जैनेंद्र जैन हेही आहेत.) निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, केल्विनच्या काही शतांश तापमानाला, दोन दिशांच्या रोधांत सुमारे शंभरपट तफावत आढळली. थोडी ऊब मिळताच ती नाहीशी झाली. मात्र शंभर हा आकडा जपूनच घ्यावा. चौरस तुकड्यात प्रवाह ज्या रीतीने पसरतो, तिच्यामुळे मूळ फरक कित्येक पटींनी फुगून दिसतो, हे स्टीव्हन सायमन यांनी त्याच वर्षी दाखवून दिले.

याचे भाकीत १९९६ मध्येच झाले होते. वरच्या पातळ्यांत इलेक्ट्रॉनांचे तरंगफल कड्यासारखे पसरते. त्यामुळे परस्परांना दूर लोटणारे हे कणही दाट आणि विरळ पट्ट्यांत एकवटणे पसंत करतात. पट्ट्यांच्या बाजूने वाट मोकळी असते. आडवे जायचे तर एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर उडी घ्यावी लागते. प्रत्यक्षात हे पट्टे वाकतात, तुटतात. जागा हरवते, पण दिशा टिकते. दूरचित्रवाणीच्या पडद्यातील द्रवस्फटिकांची स्थिती अशीच असते.

चुंबकीय क्षेत्र तिरके केल्यास पट्टे ९० अंशांतून वळवता येतात. पण क्षेत्र सरळ असतानाही बहुतेक नमुन्यांत स्फटिकाचा एकच अक्ष का निवडला जातो, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा राहिला आहे.

९/२ पाशी दिशाभेद होता, पण हॉल रोधाची पायरी नव्हती. २०११ मध्ये आयझेनस्टाइन यांच्याच गटाला तिरक्या क्षेत्रात ७/३ पाशी दोन्ही एकत्र सापडले: हॉल रोध पायरीवर स्थिर, प्रवाहाच्या दिशेतील रोध मात्र विषमदिक्. त्याच वर्षी डंकन हाल्डेन यांनी सिद्धांताच्या बाजूने दाखवले, की अपूर्णांकी अवस्थेतील इलेक्ट्रॉनांभोवतीची रचना वर्तुळाकारच असावी, असे कोणतेही बंधन नाही.