मेकॅनिकलला अजून वाव आहे, पण दार ओळखून ठोठवा

अमेरिकेत कोलंबस म्हटलं, की ओहायोमधलं मोठं शहर डोळ्यांपुढं येतं. इंडियानातलं कोलंबस मात्र जेमतेम 50 हजार वस्तीचं. कमिन्स ही डिझेल इंजिनांची कंपनी 1919 मध्ये इथंच सुरू झाली. 1962 मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत ती पुण्यात आली आणि कोथरूड-कोलंबस असं नातं जुळलं. आज इथल्या रस्त्यावर मराठी कानावर पडलं तर नवल वाटत नाही.

तरीही गावाकडून फोन आला, की काका-मामांचा एकच प्रश्न : "मेकॅनिकलमध्ये आता काय राहिलंय? कॉम्प्युटर का नाही घेत?"

राहिलंय बरंच. इंजिनाच्या धुरावर प्रक्रिया, बॅटरी थंड ठेवणं, डेटा सेंटरचं कूलिंग, या सगळ्यांत तीच थर्मोडायनॅमिक्स आणि हीट ट्रान्स्फर लागते. याच राज्यातलं वॉर्सा हे गाव गुडघ्याचे नि खुब्याचे कृत्रिम सांधे बनवण्यासाठी ओळखलं जातं. तिथंही धातूचा थकवा आणि झीज समजणारा मेकॅनिकलवालाच हवा असतो.

अडचण वेगळी आहे. रॉकेट आणि संरक्षण क्षेत्रातल्या बहुतेक नोकऱ्या निर्यात नियंत्रण कायद्यामुळे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच मिळतात. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला गुण कितीही असले तरी तिथं सहसा दार बंद. अनेकांना हे कळतं ते कर्ज काढून इथं आल्यावर!

दुसरी गोष्ट वेळेची. एमएसनंतर ओपीटीवर 12 महिने काम करता येतं, 'स्टेम' विषय म्हणून आणखी 24. पहिल्या वर्षात एकूण 90 दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. पुढं एच-1बीची सोडत. वर्षाला 85 हजार जागा आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त.

म्हणून प्रवेश घेतानाच विचारावं : इथं इंटर्नशिप कुठं मिळते? प्राध्यापकांचे प्रकल्प कोणत्या कंपन्यांसाठी चालतात? त्या कंपन्या व्हिसासाठी अर्ज करतात का? नुसतं कॅड येऊन भागत नाही. प्रयोगशाळेत हात काळे केलेला मुलगा किंवा मुलगी मुलाखतीत लगेच ओळखू येते.

विद्यापीठाचं रँकिंग बघाच, पण ही उत्तरं मिळाल्याशिवाय घर तारण ठेवू नका.