सायकलची शर्यत आणि बघणारे लोक

सायकल आपल्या ओळखीची आहे. दूधवाला तिला कॅन अडकवून गावात येतो. मुलं तिच्यावरून शाळेला जातात. मोठा चढ आला की आपण खाली उतरतो आणि सायकल हातानं ढकलतो. पण फ्रान्स देशातल्या एका शर्यतीत सायकलस्वार उंच डोंगरसुद्धा सायकलवर बसूनच चढतात. त्या शर्यतीची गोष्ट आम्ही आज सांगणार आहोत.

या शर्यतीचं नाव टूर द फ्रान्स. ती 1903 साली सुरू झाली. एका वर्तमानपत्रानं आपला खप वाढावा म्हणून ती सुरू केली. महायुद्धांमुळे ती काही वर्षं बंद होती. एरवी ती दर वर्षी होते.

ही शर्यत एका दिवसात संपत नाही. ती सुमारे तीन आठवडे चालते. तिचे 21 टप्पे असतात. एका दिवशी एक टप्पा. सगळे मिळून सुमारे 3,400 किलोमीटर होतात. मधे दोन दिवस विसावा असतो.

मग जिंकतो कोण? रोज प्रत्येकाला किती वेळ लागला ते लिहून ठेवतात. सगळ्या दिवसांच्या वेळेची बेरीज करतात. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो पहिला. 1989 साली पहिल्या आणि दुसऱ्या स्वारात फक्त 8 सेकंदांचा फरक पडला. तेवढ्या वेळात आपल्या चपलासुद्धा घालून होत नाहीत!

जो बेरजेत पुढे असतो, तो दुसऱ्या दिवशी पिवळा सदरा घालतो. ही रीत 1919 साली सुरू झाली. ते वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापत असत. डोंगर चढण्यात जो पुढे, त्याला पांढऱ्या सदऱ्यावर लाल ठिपके मिळतात. म्हणून बघणाऱ्याला लांबूनच माणूस ओळखता येतो.

सायकलस्वार एकटा नसतो. एका संघात आठ जण असतात. वेगानं जाताना समोरचा वारा अडवतो. जो पुढे असतो, तो वारा अंगावर घेतो. मागच्याला कष्ट कमी पडतात. म्हणून संघातले गडी आपल्या म्होरक्याच्या पुढे राहतात. त्याला पाण्याच्या बाटल्या आणून देतात. वेळ पडली तर स्वतःचं चाक काढून देतात. जिंकतो एक, पण राबतात आठ.

ही शर्यत रस्त्यावर बघायला तिकीट लागत नाही. रस्ता हेच मैदान. लोक बायकामुलांसह सकाळीच येऊन बसतात. घाटात तर एक-दोन दिवस आधी येऊन तंबू ठोकतात. आवडत्या स्वाराचं नाव रस्त्यावर रंगानं लिहितात. सपाट रस्त्यावर सगळा घोळका बघता बघता निघून जातो. घाटात मात्र स्वार हळू चढतात. त्यांचा घाम दिसतो, श्वास ऐकू येतो. म्हणून घाटात गर्दी फार.

पण बघणाऱ्यालाही नियम असतो. पूर्वी तर फारच कडक नियम होते. 1913 सालची गोष्ट. युजेन क्रिस्तोफ नावाच्या स्वाराच्या सायकलचा पुढचा चिमटा डोंगर उतरताना मोडला. सायकल स्वतःच दुरुस्त करायची, कोणाची मदत घ्यायची नाही, असा तेव्हा नियम होता. तो सायकल घेऊन दहा किलोमीटरांहून जास्त चालला. खालच्या गावात लोहाराचा कारखाना होता. तिथं त्यानं स्वतःच्या हातानं चिमटा जोडला. हात दोनच, म्हणून एका पोरानं भाता ओढला. तेवढ्यासाठी क्रिस्तोफला दंड झाला! शर्यत हातची गेली. पण त्यानं हाय खाल्ली नाही. 1919 साली पहिला पिवळा सदरा त्यालाच मिळाला.

त्या पोरानं चांगल्या मनानं मदत केली. पण कधी कधी बघणाऱ्याच्या हौसेनं मोठा घात होतो. 2021 साली पहिल्याच दिवशी एक बाई पाटी धरून रस्त्यात पुढे आल्या. आपली पाटी टेलिव्हिजनवर दिसावी, एवढीच त्यांची इच्छा. त्यांची पाठ स्वारांकडे होती. एक स्वार पाटीला धडकला आणि त्याच्यामागे कितीतरी जण एकमेकांवर कोसळले. वर्षभराची मेहनत एका क्षणात मातीत गेली. पुढे कोर्टानं त्या बाईंना दंड केला.

तेव्हा रस्त्यावर शर्यत बघताना एवढं ध्यानात ठेवावं. कडेला उभं राहावं. पाठ फिरवू नये. लहान मुलाचा हात धरावा. जनावर मोकळं सोडू नये. स्वाराला ढकलू नये, त्याच्या बरोबर धावू नये. टाळ्या मात्र भरपूर वाजवाव्यात. आणि सर्वांत मागून येणाऱ्यालाही वाजवाव्यात. तोही तोच घाट चढून आलेला असतो.

आपल्याकडेही मुंबई ते पुणे अशी सायकलची शर्यत अनेक वर्षं भरली आहे. तिच्यात बोरघाट चढावा लागतो. जो तो सर्वांत आधी चढतो, त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. अशी शर्यत कधी तुमच्या गावावरून गेली, तर जरूर बघा. रस्ता मोकळा ठेवणं हीसुद्धा स्वाराला मदतच आहे. आणि या मदतीला कोणी दंड करत नाही!