पूर्व भागातला तेलुगू पडदा

तेलुगू सिनेमाचे वितरक जगाची वाटणी करतात ती अशी : निझाम, आंध्र, सीडेड म्हणजे रायलसीमा, मग कर्नाटक, मग ‘उर्वरित भारत’ आणि शेवटी ‘ओव्हरसीज’. निझामाचं राज्य १९४८ मध्ये गेलं, सिनेमाच्या धंद्यात मात्र ते अजून चालू आहे. हिंदी सिनेमाच्या वाटणीत तर मराठवाडाही निझाम सर्किटात मोडतो. म्हणजे तुळजापूर निझामात आणि तिथून तासाभरावरचं सोलापूर मुंबई सर्किटात! तेलुगूवाल्यांच्या वहीत सोलापूर ‘उर्वरित’मध्ये पडतं. आज त्या वहीत सगळ्यांची नजर शेवटच्या रकान्यावर असते. २०१७ च्या ‘बाहुबली २’नं उत्तर अमेरिकेत दोन कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. पण परमुलखात राहून आपल्या भाषेतल्या सिनेमाचं तिकीट काढणारा प्रेक्षक डॅलसच्या कितीतरी आधी सोलापूरच्या साखर पेठेत होता.

तो तिथं आला मागापायी. सोलापूरला १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये जुनी गिरणी उभी राहिली आणि करीमनगर, वरंगल, नळगोंड्याकडचे पद्मशाली विणकर कुटुंबं घेऊन येत राहिले. दुष्काळानं काहींना ढकललं, आधी आलेल्या भाऊबंदांनी काहींना ओढलं. पुढं हातमागाचे यंत्रमाग झाले, चादर-टॉवेलानं गावाचं नाव देशभर नेलं आणि घरातल्या बायका विडीकडे वळल्या. शहराचा ‘पूर्व भाग’ म्हटलं की आजही ऐकणाऱ्याला तेलुगू वस्ती एवढंच कळतं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, नवरात्राच्या सुमारास बतुकम्मा मांडली जाते. देव आला, सण आला, तसा सिनेमाही आला.

तेलुगूचा पहिला बोलपट ‘भक्त प्रह्लाद’ १९३२ साली चक्क मुंबईत तयार झाला होता. पुढं हा उद्योग मद्रासला गेला आणि नंतर हैदराबादला. तिथून सोलापूरला सिनेमा यायचा म्हणजे रिळांच्या पेट्या यायच्या. प्रती मोजक्या, त्या आधी मोठ्या केंद्रांत फिरायच्या. सोलापूरच्या वाट्याला पेटी येईपर्यंत रिळावर रेघा उमटलेल्या असायच्या. तरी गर्दी व्हायची, कारण इथला हिशेब नवेजुनेपणाचा नव्हताच. हप्त्याचा पगार हातात पडला की गेंट्याल टॉकीजकडची वाट धरायची, पोराबाळांसकट.

हा प्रेक्षक कसा होता, ते विडीच्या सुपापाशी बसल्यावर कळायचं. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं, तंबाखू, दोरा. बोटं आपली चाललेली आणि तोंडानं एन. टी. रामारावांच्या सिनेमाची कथा, शेजारणीला. शेजारीण मराठी असली तरी अडायचं नाही. १९५७ चा ‘मायाबाजार’ म्हणजे आपलं वत्सलाहरण, फक्त वत्सलेची शशिरेखा झालेली. शिवाय या बायकांतल्या कितीजणींना तेलुगू लिपी वाचता यायची? पोरं मराठी शाळेत, त्यांनाही नाही. पोस्टरवरचा चेहरा ओळखायचा आणि आत शिरायचं. दोन पिढ्यांची तेलुगू कानावर टिकली. त्यात घरच्या बोलण्याचा वाटा मोठा, पण पडद्याचाही कमी नाही.

कन्नड सिनेमेही शहरात लागायचे. पण कन्नड माणूस इथला मूळचाच, त्याला परका म्हणायची कुणाची छाती नाही.

‘हिम्मतवाला’ १९८३ मध्ये हिंदीत आला आणि जितेंद्रच्या नाचावर देश खूश झाला. त्याचा मूळ तेलुगू सिनेमा ‘ऊरुकी मोनगाडू’ दोन वर्षं आधीचा, दिग्दर्शकही तोच, के. राघवेंद्र राव. पूर्व भागातल्या पोरांना फुशारकी मारायला एवढं पुरेसं होतं : ‘आमचं आधीच बघून झालंय बे.’ त्याच १९८३ मध्ये ‘खैदी’नं चिरंजीवीला वर काढलं.

टॉकीजला पहिला धक्का घरातूनच बसला. १९९५ मध्ये ई टीव्ही तेलुगू आणि जेमिनी सुरू झाले, आणि जे पाहायला चपला घालाव्या लागत ते केबलवर आलं. दुसरा बदल उलट्या दिशेचा. २००५ नंतर उपग्रहावरून सिनेमा पाठवायची सोय झाली, पेट्यांची वाट पाहणं संपलं, हैदराबादच्याच दिवशी सोलापूरला पहिला खेळ लागू शकला. टॉकीजवाल्यांना वाटलं असेल, आता दिवस फिरले. पण तेवढ्यात नागार्जुनचा ‘मास’ हिंदीत ‘मेरी जंग’ होऊन टीव्हीवर गाजला आणि डबिंगची रांगच लागली. ‘पुष्पा’ २०२१ च्या डिसेंबरात आला तेव्हा तो पश्चिम भागातल्या पोराचाही तितकाच होता. स्थलांतरिताचा सिनेमा त्याच्या मुलांनी नाकारला म्हणून संपतो, असं सरसकट म्हटलं जातं. सोलापुरात मला तसं दिसत नाही. इथं तो सगळ्यांचा झाला, म्हणून ‘आमचा’ राहिला नाही.

मधल्या काळात उलटी वारीही झाली. जेऊरच्या नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला. करमाळ्याकडून पळालेली आर्ची आणि परश्या पोहोचतात हैदराबादला. आर्ची तिथं बाटल्यांच्या कारखान्यात काम करते, तेलुगू शिकते. विणकर ज्या वाटेनं आले, त्याच वाटेनं सोलापूर जिल्ह्यातली दोन पोरं तिकडं गेली. समुद्रापलीकडं मात्र चित्र वेगळं : परदेशातल्या मराठी माणसाला आपला सिनेमा अजूनही बहुतेक एखाद्या शनिवारी, मंडळानं खटपट केली तर मिळतो. तेलुगूवाल्यांचा अमेरिकेत आदल्या रात्रीच प्रीमियर असतो. संख्या हे त्याचं एक कारण; सिनेमाला जाणं हा घरचा कुळाचार समजणं हे दुसरं. ते आपल्याकडे नाही, हे कबूल करायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्या काळात खटकण्यासारखी होती. पडद्यावरची तेलुगू असायची किनारी आंध्राची. तेलंगणाची बोली, म्हणजे सोलापूरच्या घराघरातली बोली, वाट्याला यायची खलनायकाच्या नाहीतर विनोदी नटाच्या. पूर्व भागानं पिढ्यानपिढ्या तिकीट काढून स्वतःच्याच बोलीवर हसून घेतलं. २०१७ च्या ‘फिदा’त नायिका त्या बोलीत बोलली आणि मार्च २०२३ मध्ये वेणू येल्दंडीचा ‘बलगम’ आला : सिरसिल्ला या विणकरांच्या गावाकडच्या परिसरात चित्रित झालेला, एका म्हाताऱ्याच्या मरणाभोवती जमलेल्या भाऊबंदकीचा. नाती तीच, रुसवेफुगवे तेच, बोलीही तीच. तीन आठवड्यांत तो फोनवर आला. त्यासाठी टॉकीजपर्यंत जायची कुणाला गरज पडली नाही.