दारू सोडणाऱ्याला सोबत हवी : सभा कशी शोधावी, कशी गाठावी

पंचशीलातले पाचवे शील आपल्या घरातल्या लहान मुलालाही पाठ असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. तरीही आपल्या वस्त्यांत दारू आहे आणि ती लपवून काही उपयोग नाही. पिणाऱ्या माणसाला शील माहीत नसते असे नाही. त्याने विहारात शब्द दिलेला असतो, मुलांची शपथ घेतलेली असते, पंधरा दिवस ती पाळलेलीही असते. सोळाव्या दिवशी काय होते, हे घरातल्या बाईला विचारा.

आमचे म्हणणे एवढेच आहे की शपथ एकट्याने घेता येते, पण ती पाळायला सोबत लागते. अशी सोबत देणाऱ्या सभा कोल्हापुरात भरतात, मोबाइलवरही भरतात. त्यांना पैसे लागत नाहीत. गगनबावड्यासारख्या डोंगरातल्या लहान तालुक्यातून तिथे कसे पोहोचायचे, हे या पानावर सांगत आहोत.

हा आजार आहे

सुरुवातीला माणूस दारू पितो. काही वर्षांनी शरीर आणि मेंदू दारूवर अवलंबून राहतात. सकाळी हात कापतात, घोट घेतल्यावर थांबतात. अशा माणसाला 'मन घट्ट कर' एवढेच सांगणे म्हणजे तापाने फणफणलेल्याला 'गरम होऊ नकोस' म्हणण्यासारखे आहे. त्याच्या वागण्याची जबाबदारी त्याचीच आहे, मारहाणीला माफी नाही. पण उपचार मात्र आजाराचाच करावा लागतो.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने देशभर पाहणी करून २०१९ मध्ये अहवाल दिला. दारूच्या त्रासामुळे मदतीची गरज असलेले लोक देशात पाच कोटींहून जास्त आहेत आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतो, असे त्यात दिसले. उरलेल्या ३७ जणांना आपण शिव्या देतो किंवा त्यांची कीव करतो. त्यांना वाट दाखवणारे फार थोडे आहेत.

आधी डॉक्टर, मग सभा

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर जिवाला धोका होऊ शकतो. पहिल्या दिवसातच घाम, थरथर, उलट्या, झोप न येणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भास होतात, ते बरळतात, माणसे ओळखत नाहीत. याला कुणी बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेऊ नये. ही दारू तुटल्याची लक्षणे आहेत आणि यात मृत्यूही होतो. लगेच १०८ ला फोन करा.

म्हणून ज्याला सकाळी उठल्यावर दारू लागते, किंवा ज्याला पूर्वी दारू सोडताना आकडी आली आहे, त्याने सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना खरे काय ते सांगावे आणि त्यांच्या देखरेखीखालीच दारू बंद करावी. कोल्हापूरचे सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. तिथे मानसोपचार विभागाची ओपीडी कधी असते ते केसपेपर काढताना विचारा. औषधांनी हे पहिले दिवस सुरक्षित जातात.

आणखी एक गोष्ट. 'न कळता दारू सोडवा' अशी जाहिरात करून विकली जाणारी पावडर किंवा गोळी भाजीत कालवून देऊ नका. दारू सोडण्याचे काही औषध असे असते की ते पोटात असताना दारू प्यायली तर छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, जीवही जाऊ शकतो. असे औषध डॉक्टरांनी द्यायचे आणि रुग्णाने समजून-उमजून घ्यायचे असते.

सभा म्हणजे काय

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दारूने उद्ध्वस्त झालेले दोन माणसे भेटली. एक शेअर बाजारात काम करणारा, दुसरा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. दोघांच्या लक्षात आले की एका दारुड्याने दुसऱ्याशी मोकळेपणाने बोलले की त्या दिवसापुरती तरी दारू लांब राहते. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना उभी राहिली. तिला सगळे 'एए' म्हणतात. भारतात ती १९५७ पासून आहे आणि तिचे देशाचे कार्यालय मुंबईत आहे.

एएच्या सभेत पाच-दहा, कधी वीस-पंचवीस माणसे बसतात. सभा तास-दीड तास चालते. एक जण उठतो, पहिले नाव सांगतो, 'मी अल्कोहोलिक आहे' असे म्हणतो आणि आपले काय झाले, आज काय चालले आहे ते सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही, भांडत नाही. मग दुसरा बोलतो. पहिल्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत तरी चालते.

सदस्य होण्याची अट एकच, दारू थांबवण्याची इच्छा. फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, फी नाही. शेवटी एक डबा फिरतो, त्यात द्यायचे तर दहा रुपये द्या, नाही दिले तरी कुणी बघत नाही. आडनाव आणि जात विचारायचे कारण नाही. सभेत ऐकलेले आणि पाहिलेले सभेबाहेर सांगायचे नाही, हा पाया आहे.

'खुली सभा' कुणालाही ऐकता येते, घरच्यांनाही. 'बंद सभा' फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. काही आठवडे गेल्यावर जुना सदस्य नव्याचा पाठीराखा होतो. त्याला 'स्पॉन्सर' म्हणतात. तलफ आली की रात्रीसुद्धा त्याला फोन करायचा.

याचा खरोखर उपयोग होतो का? २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. त्यात दहा हजारांहून जास्त लोक होते. दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत एएच्या वाटेने गेलेले लोक इतर उपचार घेणाऱ्यांच्या बरोबरीने किंवा त्यांच्यापेक्षा पुढे दिसले. सगळ्यांनाच गुण येतो असे नाही. पण जो येत राहतो त्याची शक्यता वाढते.

गगनबावड्यातून जायचे कसे

पहिले काम फोनचे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४४६ आहे. मानसिक आरोग्यासाठी 'टेलिमानस' १४४१६ आहे, ती दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. दोन्ही मोफत आहेत. मोबाइलवर 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस इंडिया' असे शोधले की संघटनेची स्वतःची वेबसाइट सापडते, तिथे मदतीचा नंबर असतो. शोधताना वर खासगी केंद्रांच्या जाहिराती येतात. समोरच्याने आधी पैशांचे बोलणे काढले तर ती एए नव्हे, फोन ठेवा.

काय बोलायचे? एवढेच : "नमस्कार, मी गगनबावड्याहून बोलतोय. मला दारू सोडायची आहे. कोल्हापुरात मराठी सभा कुठे आणि किती वाजता असते? पहिल्यांदा येतोय, कुणी भेटेल का?" पलीकडचा माणूस बहुतेक स्वतः या वाटेने गेलेला असतो. तो हसणार नाही. सभेच्या जागा आणि वेळा बदलतात, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा विचारून घ्या.

गगनबावडा ते कोल्हापूर अंतर साधारण ५५ किलोमीटर. सभा बहुधा संध्याकाळी असतात, त्यामुळे परतीच्या एसटीची अडचण येते. रविवारी किंवा दिवसा सभा आहे का ते विचारा. सीपीआरची तारीख आणि सभा एकाच दिवशी जुळवा. शहरात बहीण, मामा, पाहुणे असतील तर रात्री तिथे मुक्काम करा. कामासाठी मुंबई-पुण्याला असणाऱ्या आपल्या माणसांना तिथे सभा अधिक जवळ मिळतात. लांब जाण्याचा एक फायदाही आहे. लहान तालुक्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. शहरातल्या सभेत ती भीती कमी असते.

मोबाइलवरची सभा

लॉकडाऊनपासून एएच्या सभा झूमवर भरू लागल्या. हिंदी, मराठी, इंग्रजी अशा भाषांत त्या भरतात. फोनवर विचारले की सभेचा आयडी आणि पासवर्ड मिळतो. आत जाताना नाव फक्त पहिले ठेवा, कॅमेरा बंद ठेवा, कानात हेडफोन घाला. रेकॉर्डिंग करायचे नाही, फोटो काढायचा नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते आणि रेंजही जाते. म्हणून सभेच्या आधी फोन चार्ज करा, व्हिडिओ बंद ठेवून आवाजावर ऐका आणि दोन सदस्यांचे नंबर कागदावर लिहून ठेवा. नेट गेले तरी साधा फोन लागतो. महिन्यातून एकदा कोल्हापूरची सभा आणि आठवड्याला दोन-तीन मोबाइलवरच्या, असा मेळ डोंगरातल्या माणसाला जमण्यासारखा आहे.

देवाचे नाव आले तर?

आपल्या वाचकांना हा प्रश्न पडणार, म्हणून स्पष्ट सांगतो. एएच्या बारा पायऱ्यांत 'ईश्वर' हा शब्द येतो, सभेच्या शेवटी प्रार्थनाही होते. आपण देव मानत नाही. पण १९३८ मध्ये या पायऱ्या लिहिल्या जात असताना देव न मानणारे सदस्यही तिथे होते. त्यांच्या आग्रहामुळेच 'आम्हाला जसा समजला तसा' ही मुभा त्यात आली. पुष्कळ सदस्य समोर बसलेल्या गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात. प्रार्थनेच्या वेळी शांत उभे राहिले, मनात पंचशील म्हटले, तरी कुणी अडवत नाही. प्रतिज्ञा मोडत नाही आणि जीवही वाचतो.

धम्माच्या दृष्टीने पाहिले तर ही वाट परकी नाही. शील हे 'शिक्षापद' आहे, म्हणजे शिकत राहण्याची पायरी. म्हणून तर आपण ते एकदाच न घेता प्रत्येक वंदनेत पुन्हा घेतो. घसरलेला माणूस पुन्हा शील घेऊ शकतो, तसा पुन्हा सभेला येऊ शकतो. चांगला मित्र म्हणजे निम्मे श्रेष्ठ जीवन, असे आनंद म्हणाले तेव्हा भगवान बुद्धांनी त्यांना दुरुस्त केले : निम्मे नव्हे, कल्याणमित्र म्हणजे सगळेच. बौद्ध विचारावर चालणारा 'रिकव्हरी धर्मा' हा गटही जगात आहे. त्याच्या ऑनलाइन सभा मुख्यतः इंग्रजीत असतात. शिकलेल्या मुलामुलींनी तो पाहावा.

घरच्यांची सभा वेगळी

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका. पिणाऱ्याला पाठीशी घालू नका, हा त्यातला धडा आजही खरा आहे. त्याची उधारी फेडणे, मुकादमाला खोटे सांगणे, उलटी पुसून सकाळी गप्प बसणे, याने आजार वाढतो. घरच्यांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' नावाच्या सभा असतात. पिणारा येवो न येवो, तिथे बायको, आई, भाऊ जाऊ शकतात. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण' केंद्रातही रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे.

बोलायची वेळ सकाळची, तो शुद्धीवर असताना. "अहो, काल काय झालं ते पोरानं बघितलं. मी फोन नंबर आणलाय, चला, बरोबर जाऊ," एवढे पुरे. लांबलचक भाषण नको. मारहाण होत असेल तर सभेची वाट बघू नका, १८१ किंवा ११२ ला फोन करा. पिणाऱ्या बाईलाही हीच वाट खुली आहे. तिला दुप्पट लाज वाटते, म्हणून तिच्यासोबत कुणी बाईमाणसाने जावे.

विहाराची एक खोली

दारू थांबवू इच्छिणारे दोघे जण एकत्र बसले तरी एएचा गट सुरू होतो. तालुक्यात असे दोन-तीन जण तयार झाले तर कोल्हापूरचे जुने सदस्य मार्गदर्शनाला मिळू शकतात. तेव्हा विहार समितीने आठवड्यातली एक संध्याकाळ खोलीची किल्ली द्यावी. सतरंजी द्यावी, चहा द्यावा. भाषण देऊ नये, हजेरी घेऊ नये, दाराबाहेर उभे राहून कोण आले ते बघू नये. आणि जयंतीच्या मिरवणुकीत, हळदीत, लग्नात, जो नको म्हणतो त्याच्या हातात कुणी ग्लास देऊ नये. दारू सोडणाऱ्याला हे दिवस सगळ्यात अवघड जातात. त्या दिवशी त्याच्या बाजूला बसणारा एक मित्र असला तरी तो दिवस निभतो.

सभेतले लोक जन्मभराची शपथ घ्यायला सांगत नाहीत. ते म्हणतात, आजचा दिवस प्यायची नाही, उद्याचे उद्या. हे पान कापून ठेवा आणि ज्याच्या घरात गरज आहे तिथे गाजावाजा न करता पोहोचवा.

व्यसनमुक्ती १४४४६. टेलिमानस १४४१६. रुग्णवाहिका १०८. महिला मदत १८१.