आतड्यातलं अरण्य – भाग ६ : गाळून उरलेलं औषध

गेल्या आठवड्यात आपण मलप्रत्यारोपणाची रीत पाहिली. निरोगी दात्याची विष्ठा कसून तपासायची, सलाइनमध्ये कालवून गाळायची आणि नळीवाटे रुग्णाच्या आतड्यात सोडायची. 'क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल' या जीवाणूचे जुलाब प्रतिजैविकांना दाद न देता पुन्हा पुन्हा उलटतात. त्यावर या उपायाचा गुण इतका ठळक दिसला, की नेदरलँड्समधली चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. २०१३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: १६ पैकी १५ रुग्ण बरे, त्यांतले १३ पहिल्याच खेपेत.

आता प्रश्न असा, की त्या विष्ठेतलं नेमकं काय काम करतं? जिवंत जीवाणू, असं उत्तर पटकन सुचतं. पण मला त्याआधी वाचकांना काशीच्या घाटावर न्यायचं आहे.

मार्क ट्वेन १८९६ साली काशीला आला होता. 'फॉलोइंग द इक्वेटर' या प्रवासवर्णनात त्याने आग्र्याचे सरकारी रसायन-परीक्षक हँकिन यांच्या प्रयोगांची हकीकत दिली आहे. घाटांपाशी नाले नदीला मिळतात, तिथलं पाणी त्यांनी घेतलं. त्यात जंतू लाखोंनी होते आणि सहा तासांत ते सगळे मेले. अर्नेस्ट हँकिन यांनी त्याच वर्षी गंगा-यमुनेच्या पाण्यावरचा आपला निबंध पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात छापला. चिनी मातीच्या बारीक गाळणीतून पाणी गाळलं, तरी त्याची जंतू मारण्याची शक्ती टिकत होती. पाणी उकळलं, की ती जायची. म्हणजे जंतूंना मारणारं जे काही होतं, ते जीवाणूंहून लहान होतं आणि उकळल्यावर नाहीसं होणारं होतं.

पुढे १९१७ मध्ये फेलिक्स द'एरेल यांनी जीवाणू मारणाऱ्या अशाच एका सूक्ष्म घटकाला 'बॅक्टेरिओफेज' असं नाव दिलं. हे जीवाणूंना खाणारे विषाणू, थोडक्यात फेज. ते त्यांना सापडले कुठे, तर रक्ती आवेतून उठणाऱ्या रुग्णांच्या गाळलेल्या विष्ठेत! रुग्णाला उतार पडू लागला, की गाळलेल्या द्रवात फेज दिसत. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण रोग आणि उतारा एकाच ठिकाणी असू शकतात हे त्याने दाखवलं.

शंभर वर्षांनी, २०१७ साली, जर्मनीतल्या कीलमध्ये डॉक्टरांनी गाळलेल्या विष्ठेचाच उपाय करून पाहिला. दात्याची विष्ठा इतकी बारीक गाळली, की जिवंत जीवाणू उरलाच नाही. तो गाळलेला द्रव नळीने 'क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल'च्या ५ रुग्णांना दिला. पाचही जणांचे जुलाब थांबले आणि किमान सहा महिने उलटले नाहीत. मात्र त्या द्रवात फेजबरोबर जीवाणूंचे तुकडे आणि त्यांनी स्रवलेली रसायनंही होती. श्रेय एकट्या फेजना द्यायला ५ रुग्ण पुरेसे नाहीत.

वाराणसीत फेजवरचं काम आज चालू आहे. बनारस हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेत गोपाल नाथ आणि त्यांचे सहकारी फेज-उपचारावर संशोधन करतात. सहा आठवड्यांच्या नेहमीच्या उपचारांनीही न भरलेल्या जखमांच्या २० रुग्णांवर त्यांनी फेजचं मिश्रण वापरलं. बहुतेकांच्या जखमा तीन ते पाच वेळा लावल्यावर जंतुमुक्त झाल्या. ७ जणांच्या एकविसाव्या दिवशी पूर्ण भरल्या. हे काम जखमांचं आहे, आतड्याचं नव्हे. पण प्रतिजैविकं थकली की फेज हाताशी असावेत, या विचाराला आपल्याच देशात एक पक्कं घर मिळालं आहे.

काशीयात्रेहून आणलेला गंगेचा गडू देव्हाऱ्यात ठेवून मावंदं घालणाऱ्या घरांनी एक लक्षात घ्यावं: हँकिनचा प्रयोग वाचून नदीचं पाणी औषध म्हणून पिऊ नका. शहराचं सांडपाणी आजही तिथे येऊन मिळतं. आणि विष्ठेचा प्रयोग घरी तर कदापि नको. २०१९ साली अमेरिकेत, दात्याच्या विष्ठेतला औषधांना न जुमानणारा ई. कोलाय शरीरात शिरून, मलप्रत्यारोपण झालेला एक रुग्ण दगावला. ती विष्ठा त्या जंतूसाठी तपासलेली नव्हती. जुलाब उलटत असतील, तर पोटविकारतज्ज्ञांना गाठा आणि याआधी घेतलेल्या प्रतिजैविकांच्या चिठ्ठ्या सोबत न्या.