आपल्या गावचा इंग्रजी शब्द : एन्क्लेव्ह



इमारतींच्या पाट्यांवर आपण 'एन्क्लेव्ह' वाचतो. मूळ अर्थ : चहूबाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेला प्रदेश. लॅटिनमध्ये 'क्लाविस' म्हणजे किल्ली. त्यावरून एन्क्लेव्ह म्हणजे जणू कुलूपबंद भूमी. आम्ही शाळेत असे शब्द नुसते पाठ केले. या शब्दाचा अर्थ उमगला तो इथल्या इतिहासातून.

१९५४ पर्यंत पोर्तुगीजांचे दादरा व नगर हवेली असेच भारताने वेढलेले होते. मुक्तीनंतर, १९५५ साली, पोर्तुगाल येथवर येण्याची वाट मागायला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात फौज व शस्त्रे नेण्याचा हक्क त्याला मिळाला नाही.

आता वाक्य लिहा : 'दादरा वॉज ॲन एन्क्लेव्ह.' इथे 'इज' का नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून वहीत लिहून आणा.

- मुख्याध्यापक