काळ्या पडद्यावरचा सोपा मेनू

माउस आणि चित्ररूप खिडक्या सर्रास झाल्या असल्या, तरी अनेक उपयुक्त प्रोग्रॅम आजही काळ्या पडद्यावर आज्ञा टंकूनच चालवावे लागतात. आज्ञा पाठ नसेल, तर वापरणाऱ्याचे पाऊल तिथेच अडते. यावरचा जुना आणि कमी खर्चाचा उपाय म्हणजे अक्षरी मेनू.

समजा, भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांतील गावनिहाय नोंदी दाखविणारा प्रोग्रॅम लिहायचा आहे. गावाचे नाव टंकायला सांगितले, तर एक जण 'वेल्हे बुद्रुक' लिहील, दुसरा 'वेल्हे बु.', तर तिसरा नुसतेच 'वेल्हे'. संगणकाच्या लेखी ही तीन निरनिराळी गावे! खुर्द आणि बुद्रुक अशा जोडगावांच्या बाबतीत तर भलत्याच गावाची नोंद हाती पडायची. त्याऐवजी '१. भोर, २. वेल्हे, ०. बाहेर पडा' अशी यादी दिली, की शुद्धलेखनाचा प्रश्न उरत नाही. सात-बारा दाखविणाऱ्या 'महाभूलेख' या सरकारी संकेतस्थळावरही जिल्हा, तालुका, गाव असाच निवडीचा क्रम असतो.

मेनूची रचना म्हणजे चार पायऱ्यांचे चक्र : यादी दाखविणे, उत्तर वाचणे, ते तपासणे आणि त्यानुसार काम करून पुन्हा यादीकडे येणे. लिनक्सवरील बॅशमध्ये यासाठी 'सिलेक्ट' ही तयार सोय आहे. बाणाच्या कळांनी पर्याय निवडायचा असेल, तर 'कर्सेस' हा आज्ञासंग्रह वापरतात. १९८०च्या सुमारास बर्कले विद्यापीठात केन अरनॉल्ड यांनी तो लिहिला.

खरी कसोटी तपासणीच्या पायरीवर लागते. मराठी कळफलकावरून कोणी '२' असा देवनागरी अंक दिला, तर पायथॉन तो आकडा म्हणून स्वीकारते. बॅशला मात्र त्याचे रूपांतर करून द्यावे लागते. उत्तर येणेच बंद झाले, तर प्रोग्रॅमने थांबायला हवे. अन्यथा 'चुकीचा पर्याय' हा संदेश अखंड उमटत राहतो.

देवनागरीची आणखी एक मेख आहे. 'वेल्हे' या शब्दात डोळ्यांना दोनच अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र ती ६ चिन्हे असून, यूटीएफ-८ पद्धतीत त्यांना १८ बाइट लागतात. 'भोर'ला ३ चिन्हे आणि ९ बाइट पुरतात. चिन्हे मोजून चौकटी आखल्या, तर उजवीकडची रेघ वेडीवाकडी होते. म्हणून मराठी मेनूत चौकट टाळून क्रमांक डावीकडे ठेवणे श्रेयस्कर. डॉसच्या काळात अशा पडद्यावर भारतीय लिप्या आणल्या त्या पुण्याच्या 'सी-डॅक'च्या जिस्ट कार्डाने. त्यामागील मूळ संशोधन आयआयटी कानपूरचे होते.

मेनू आला म्हणून थेट आज्ञेची वाट बंद करू नये. तालुका आणि गाव आज्ञेतच दिले असेल, तर प्रोग्रॅमने काही न विचारता काम करावे. शेकडो गावांच्या याद्या रात्रीतून आपोआप काढायच्या, तर प्रत्येक वेळी आकडा दाबायला माणूस कोठून आणणार? नोंद पुसण्यासारख्या कामाआधी मात्र गावाचे पूर्ण नाव दाखवून 'खात्री आहे का?' असे अवश्य विचारावे. चुकून दाबलेल्या एका कळीची किंमत एखाद्या शेतकऱ्याला तालुक्याच्या गावी हेलपाटे घालून मोजावी लागू नये.